लॉगबुकातलं शमिकाचं पान

रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही, असं तुमच्या सुजयकडून कळलं, म्हणून पत्र लिहिते आहे. शाळेतली गोष्ट कागदावर राहिलेली बरी. मोबाइलवर लिहिलेलं संध्याकाळपर्यंत कुठे कुठे फिरून येईल सांगता येत नाही.

चिपळूणला तुमच्या हाताखाली आठ वर्षं शिकवलं, पण शाळा कशी चालवावी हे तुम्हाला कधी विचारलं नाही. आता पावसजवळच्या या शाळेत मुख्याध्यापिका होऊन दीड वर्ष झालंय. विचारायचं पुष्कळ आहे. आज मात्र आधी थोडं सांगते. त्यात बढाई वाटली तर तसं कळवा.

गेल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात प्रत्येकाच्या तासाचं चित्रीकरण करून ते त्यालाच दाखवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःला शिकवताना पाहिलं. काय दिसलं ते इथे लिहीत नाही. परत आल्यावर ठरवलं, की दर बुधवारी कुणाच्या तरी वर्गात मागच्या बाकावर बसायचं, जे दिसेल ते लॉगबुकात लिहायचं आणि त्यावर त्या शिक्षकाशी बोलायचं.

आमच्याकडे शमिका मयेकर नावाची मुलगी आठवी-नववीला गणित शिकवते. तुमच्याच काळात आलेली शिक्षणसेवकाची पद्धत अजून तशीच आहे. तीन वर्षं मानधनावर काम करायचं आणि मग शाळा समितीने सेवा समाधानकारक असल्याचा ठराव केला तर कायम व्हायचं. शमिकाची तीन वर्षं येत्या बारा जूनला भरतात. जुलैत मी तिच्या तासाला पहिल्यांदा बसले. दर दोन वाक्यांनंतर ती विचारायची, "समजलं?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो." मी वहीच्या कडेला रेघा मारत गेले. पस्तीस मिनिटांत एकतीस वेळा. ते मी तसंच लॉगबुकात लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'एकाही विद्यार्थ्याला काय समजलं हे सांगण्याची संधी मिळाली नाही.'

तिने वाचलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. पुढच्या महिन्यात बावीस. दिवाळीनंतर नऊ. गेल्या बुधवारी दोन. त्या दोहोंच्या मधल्या वेळात मुलं फळ्यापाशी येऊन एकमेकांशी भांडत होती, की उणे गुणिले उणे अधिक कसं होईल. मला तिचा हेवा वाटला.

आमच्या संस्थेचे कार्यवाह गुरुप्रसादभाऊ शाळेत आले होते. त्यांनी लॉगबुक चाळलं. "एवढं सविस्तर कुणी लिहीत नाही हो," म्हणाले आणि वाचायला घरी घेऊन गेले. त्याआधीच काढलेली शमिकाच्या पानांची झेरॉक्स तुमच्यासाठी जोडली आहे. अजून काय करायला हवं ते कळवा.

आपली,
मालन


चिपळूण
१९ जानेवारी २०२५

चि. मालन,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने.

दुसऱ्यांदा वाचताना 'घरी घेऊन गेले' इथे थांबलो. चष्मा पुसला. शब्द तेच होते.

शाळेत दोन जातींच्या वह्या असतात. एक मुलांच्या. त्यांत चूक लाल केली की मूल शिकतं. दुसऱ्या मोठ्यांच्या. त्यांत लाल केलं की माणूस जातो. तू मोठ्यांच्या वहीत मुलांच्या वहीसारखं लिहिलं आहेस. तू आणि ती दोघीच वाचणार असं समजून लिहिलंस. लॉगबुक तिसऱ्याने वाचण्यासाठीच असतं.

तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती मुलगी शिकली, हे पानावर दिसतं. पण ते मला दिसतं, कारण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ज्याला पहिलीच ओळ हवी असेल तो तिथेच थांबेल.

तीन गोष्टी कर. वही परत आण. यापुढे फक्त सुधारणा लिही, दोष तोंडी सांग. आणि मला कळव, बाकीच्या शिक्षकांच्या पानांवर काय लिहिलं आहे.

मी वही कशी ठेवायचो ते तू पाहिलं आहेस. 'पाठ समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य.' त्या दोन वाक्यांवर मी चौदा वर्षं काढली. माझ्या शाळेतून त्या काळात एकही शिक्षक गेला नाही.

ह. रेवाळे


रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

वही परत आली. वर्तमानपत्रात गुंडाळून, किलोभर आमसुलांच्या पिशवीसोबत. "चांगलं काम चाललंय" असं भाऊ म्हणाल्याचं त्यांच्या गड्याने सांगितलं. तेव्हा तुमची काळजी थोडी जास्तच आहे, असं म्हटलं तर रागावू नका. भाऊ आंब्याच्या कलमांचे बागायतदार आहेत, शाळेवर त्यांचा जीव आहे. माणूस कपटी नाही.

बाकीच्यांच्या पानांवर काय आहे, असं तुम्ही विचारलंत. 'समाधानकारक' आहे. मी सगळ्यांना विचारलं होतं. दोघी म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. वरच्या वर्गांना गणित शिकवणारे नितेश सर तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बावीस वर्षं फळ्यासमोर उभा आहे. आता मला बघायला येणार? मी काय लग्नाचा आहे?" सगळे हसले. मीही हसले आणि विषय सोडला. नियमाप्रमाणे वर्षातून दोनदा काहीतरी लिहावं लागतं, म्हणून तुमचाच शब्द लिहिला.

सर, एक मनातलं विचारते. तुमच्या लॉगबुकात माझ्या पानावर आठ वर्षं 'समाधानकारक' होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आईला मी ते वाचून दाखवलं होतं. तुमच्या पत्रातलं ते चौदा वर्षांचं वाक्य वाचल्यापासून शंका येते. ते माझ्याबद्दल होतं, की सगळ्यांबद्दल?

आपली,
मालन


रत्नागिरी
११ मार्च २०२५

आदरणीय सर,

माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. प्रकृती बरी नसेल असं समजून सुजयला फोन केला. तो म्हणाला, बाबा रोज वाशिष्ठीच्या पुलापर्यंत चालून येतात. म्हणजे तुम्हाला उत्तर द्यायचं नसावं. ते असो. आज दुसरंच लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणालात तेच झालं.

काल गुरुप्रसादभाऊ कार्यालयात आले. हातात एक कागद होता, त्यावर लॉगबुकाच्या पानांचे नंबर. यंदा पट बारा मुलांनी घसरला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी गणिताची एक जागा कमी होणार. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जागा जाणार म्हणजे माणूस जाणार. कुणाला तरी अतिरिक्त ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवण्यापेक्षा शमिकाची सेवा बारा जूनला संपवू. ठराव करायचा नाही, एवढंच."

मी म्हटलं, "तिचं काम चांगलं आहे."

त्यांनी कागद पुढे केला. "पान चौदा. 'पाठाची तयारी अपुरी.' पान सतरा. 'फळ्यावरचं चुकीचं उदाहरण तसंच राहिलं.' आणि अगदी पहिलं, पान अकरा. ते एकतीस वेळांचं. हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"आणि नितेश सरांच्या पानावर एक ठिपका नाही. तेही अक्षर तुमचंच. मग मी चुकीचं काय बोलतोय, बाई?"

सर, ते चुकीचं बोलत नव्हते. याने मला रात्रभर छळलं. जिने वर्गाचं दार उघडलं तिच्या नावावर सात पानं दोष, आणि ज्याने दार उघडलंच नाही तो निष्कलंक. हा हिशेब भाऊंनी केलेला नाही. तो मी लिहून दिला.

आज बुधवार नव्हता तरी शमिकाच्या वर्गाकडे गेले. ती दारात आली. "बाई, आज उजळणी आहे. बघण्यासारखं काही नाही." आणि दार लोटून घेतलं. मी व्हरांड्यात उभी राहिले. आतून आवाज येत होता. "समजलं?" "हो." "समजलं?" "हो." अठरापर्यंत मोजलं आणि मग पाय उचलले. मधल्या सुट्टीत नितेश सर तिला म्हणाले, "काय शमिका, आज मीटर किती पडलं?" म्हणजे तिला कळलं आहे. सगळ्यांना कळलं आहे. आठ महिन्यांत जे घडलं ते एका दिवसात मोडलं.

अजून दोन गोष्टी लिहायला हव्यात. रोजनिशीत लिहिल्या आहेत, तुम्हाला लिहिण्याचं टाळलं होतं. एक, तो एकतीसचा आकडा लिहिताना मला थोडी मजा आली होती. वाक्य छान जमलं असं वाटलं होतं. दुसरी जास्त वाईट आहे. नितेश सर 'नाही' म्हणाले तेव्हा मी हसून गप्प बसले. शमिका 'हो' म्हणाली याचा मला आनंद झाला. पण ती 'नाही' म्हणू शकत होती का? तिचं कायम होणं माझ्या सहीवर होतं.

शाळा समितीची सभा सव्वीस एप्रिलला आहे. काय करू?

मालन


चिपळूण
२० मार्च २०२५

चि. मालन,

तुझ्या प्रश्नाला उत्तर देता येत नव्हतं म्हणून दिलं नाही. आता दोन्ही प्रश्नांची देतो.

१९९५ साली मी मुख्याध्यापक झालो तेव्हा तुझ्यासारखाच होतो. आमच्याकडे विनोद धनावडे म्हणून इंग्रजीचा तरुण शिक्षक होता, कायम होण्याआधीच्या दोन वर्षांच्या परिविक्षेवर. हुशार, पण घाईचा. मी त्याच्या तासांना बसायचो आणि सगळं लिहायचो. 'उच्चार सदोष.' 'विद्यार्थ्यांच्या शंकांकडे दुर्लक्ष.' तो पान वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी सुधारायचा. मला वाटायचं, याला मी घडवतोय. दोन वर्षं भरता भरता संस्थेतल्या कुणाला तरी तो नको झाला. कारण वेगळंच होतं. सभेत माझं लॉगबुक उघडलं आणि माझ्याच आवाजात मला वाचायला लावलं. मी वाचलं. विनोद समोर बसला होता.

त्यानंतर मी कुणाबद्दल काही लिहिलं नाही. पुढे पुढे बोलणंही बंद झालं. न लिहिता बोललं तरी बातमी जातेच. तू २००१ साली आलीस तेव्हा मी तयार झालेला माणूस होतो. तेव्हा होय, ते 'समाधानकारक' सगळ्यांबद्दल होतं. तुझ्याबद्दल वेगळं असं काही नव्हतं.

आता करायचं काय ते ऐक. तशीच नवी वही घे. जुलैपासूनची पानं परत लिही. तारखा त्याच, शेरे सौम्य. पेनं दोन-तीन बदल. बाकीच्या शिक्षकांची पानंही उतरव, सह्या तुझ्याच आहेत. जुनी वही वाळवीने खाल्ली असं सांग. कोकणातल्या कार्यालयात यावर कुणी शंका घेत नाही. भाऊंच्या हातात पानांचे नंबर आहेत, पानं नाहीत.

हे खोटं आहे, मला माहीत आहे. पण खऱ्याने विनोदचं काय झालं तेही मला माहीत आहे. तो आता बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. अठ्ठावीस वर्षं मी त्या बाजूने जात नाही.

ह. रेवाळे


रत्नागिरी
६ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचलं. मग बाजारात जाऊन तशीच वही आणली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार सरळ आहे असा तुमचा गैरसमज होणार नाही.

रविवारी बसून पानं उतरवायला घेतली. तीन झाली. किती सहज उतरली, याचंच नवल वाटलं. चौथं पान त्या एकतीसचं होतं. तिथे लिहिलं, 'विद्यार्थ्यांशी सतत संवाद.' चांगलं वाटलं. मग जानेवारीच्या पानापर्यंत आले, जिथे 'दोन' लिहिलं होतं. तिथे काय लिहायचं ते सुचेना. एकतीस पुसलं तर दोनला काही अर्थच राहत नाही. तिने सहा महिने जे केलं ते त्या दोन आकड्यांच्या मधेच आहे. तिला वाचवायला मी तिचं सगळं कामच पुसत होते. नवी वही फाडून बंबात घातली.

दुसऱ्या दिवशी शमिकाला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. नितेश सरांनी केव्हाच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही लिहिलेलं खोटं थोडंच होतं." मग म्हणाली, "फक्त मला वाटायचं, ते माझ्यासाठी लिहिलंय."

मी तिला म्हटलं, "नववीला माझा मराठीचा तास असतो. तू मागे बस आणि लॉगबुकात माझं पान लिही. जे दिसेल ते."

"मी तुमचं लिहू? म्हणजे उद्या तेही माझ्याच अंगावर."

"खाली सही माझी असेल. मी मान्य केलं म्हणून."

ती आली. पस्तीस मिनिटं बसली. पेन चालत होतं. तास संपल्यावर वही माझ्यापुढे ठेवून निघून गेली. पानावर होतं, 'पाठ समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य.'

सर, तो शब्द आठ वर्षं मला कौतुकाचा वाटला. परवा पहिल्यांदा कळलं, की तो बंद केलेल्या दारासारखा असतो. तिने मला बाहेर ठेवलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

तुमच्यावर रागावले आहे. किती, ते अजून मोजता येत नाही. त्या चित्रीकरणात मी काय पाहिलं ते आता सांगते. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच देत होते. चोवीस वर्षं तसंच शिकवत असणार. तुम्ही आमच्या वर्गाबाहेरच्या पडवीत उभे असायचात, मला आठवतं. तुम्हाला दिसलं असेल. मला माझा शेरा हवा आहे. उशिरा का होईना, खरा.

मालन


चिपळूण
१३ एप्रिल २०२५

चि. मालन,

मागितलास म्हणून देतो. वही नाही, आठवण आहे.

सप्टेंबर २००३. आठवी ब. मराठी. शिक्षिकेचा आवाज स्वच्छ, वाचन उत्तम. शिक्षिका पहिल्या दोन बाकांशी बोलते. प्रश्न विचारते आणि श्वास घेण्याआधी उत्तर देते. डावीकडे चौथ्या बाकावर मैना नावाची विद्यार्थिनी आहे. तिने पाव तासात तीनदा हात वर केला. शिक्षिकेने पाहिला नाही. चौथ्यांदा तिने हात अर्धा उचलला आणि त्याच हाताने वेणी नीट केली.

पुढच्या वर्षी मैना शाळेत नव्हती. घरची कारणं होती, तुझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुला बोलावून मी हे सांगितलं असतं, तर पुढच्या बावीस वर्षांत तुला किती हात दिसले असते, याचा विचार मी या आठवड्यात केला. तुला मी वाचवलं असं समजत होतो. वाचवलं मी मला.

वही फाडलीस ते ठीक झालं. सभेत काय होईल मला सांगता येत नाही. माझ्याकडचा उपाय संपला.

ह. रेवाळे


रत्नागिरी
२७ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

माझा शेरा मिळाला. आता त्याबद्दल लिहीत नाही. मैना मला आठवत नाही. हजेरी घेताना ते नाव मी वर्षभर उच्चारलं असणार. एवढंच लिहून पुढे जाते.

तुमचं पत्र मी शमिकाला वाचायला दिलं. विचारून द्यायला हवं होतं, माफ करा. तिने ते उभ्यानेच वाचलं. दुसऱ्या दिवशी न बोलावता माझ्या तासाला येऊन बसली. या वेळी तिने दीड पान लिहिलं.

काल सभा झाली. अध्यक्ष सदूकाका, कार्यवाह गुरुप्रसादभाऊ, आणखी दोन सभासद, शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून नितेश सर, आणि मी. शमिका बाहेर बाकावर. भाऊंनी शमिकाची पानं वाचली. एक एक, नंबरासह. मला वाटलं तुमच्यासारखं मलाच वाचायला लावतील. नाही लावलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "आता एकतिसावं पान वाचा."

"हे कुणाचं?"

"माझं. शमिकाने लिहिलंय."

त्यांनी वाचलं. "'पस्तीसपैकी सत्तावीस मिनिटं बाई बोलल्या. विचारलेल्या चौदा प्रश्नांपैकी अकरांची उत्तरं बाईंनीच दिली. खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न नाही. कविता फार सुंदर म्हटली गेली, पण ती मुलांनी म्हटली नाही.'" वही खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीही कमी पडता, असं लिहून देताय?"

"हो. खाली सही आहे."

"मग तुम्हाला मुख्याध्यापक कशाला केलं?" एक सभासद हसले.

मी म्हटलं, "दोष लिहिलेत म्हणून शमिकाला काढायचं असेल, तर या वहीत माझेही आहेत, आणि ते चोवीस वर्षं जुने आहेत. तिचे कमी होत गेले, हेही याच वहीत आहे. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा."  पाठ करून गेले होते, तरी शेवटचं वाक्य विसरले.

नितेश सरांना ते बोलणं टोचलं असावं. म्हणाले, "आमचं पान बघा. दोन ओळी. आम्ही असली पाहणी करूनच देत नाही."

सदूकाकांनी वही स्वतःकडे ओढली. ते आयुष्यभर परदेशी बोटींवर होते, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून उतरले. शाळेच्या सभेत सहसा चहापुरतं बोलतात. ते म्हणाले, "करून देत नाय म्हणजे?"

"म्हणजे, गरज नाही, काका."

"नितेश, बोटीवर पण लॉगबुक असतं बरं का. वारा फिरला, इंजिन तापलं, दोर तुटला, सगळं त्यात पडतं. तपासणीला साहेब यायचा. भरलेलं पान बघून तो कधी बोंबलला नाय. कोरं पान दिसलं की मात्र खुर्ची ओढून बसायचा. म्हणायचा, आता खरं सांगा."

 भाऊंनी ठरावाचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना असतो, मुख्याध्यापकाचं मत. जागा एका शब्दाची. तिथे मला तुमचाच शब्द लिहावा लागला, दुसरा चालत नाही. 'समाधानकारक.' लिहायला वेळ लागला. भाऊंना वाटलं मी कचरते आहे. मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा खरा लिहीत होते.

ठराव चार मतांनी झाला. भाऊंनी हात वर केला नाही. नितेश सर खिडकीबाहेर बघत होते. उठताना भाऊ मला म्हणाले, "बाई, जागा तरी जाणारच. कायम केलंत, आता अतिरिक्त ठरून ती दुसरीकडे जाईल. तुमच्या शाळेला काय मिळालं?" यात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

बाहेर येऊन शमिकाला सांगितलं. ती म्हणाली, "आईला फोन करते," आणि विहिरीकडे गेली.

अध्यक्ष बोटीवरचे नसते तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही. मी बरोबर होते म्हणून ती वाचली, असं मला म्हणता येणार नाही.

आपली,
मालन


रत्नागिरी
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

भाऊ म्हणाले तसंच झालं. शमिकाची ऑर्डर आली. राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत तिला सामावून घेतलं आहे. कायम शिक्षिका म्हणून, पूर्ण पगारावर. काल ती इथून गेली.

जून-जुलैत ती स्वतः होऊन मला तासाला बोलवत होती. तसे फक्त पाच बुधवार मिळाले. नितेश सरांचं पान अजून दोन ओळींचंच आहे. दिवाळीनंतर बघू म्हणालेल्या दोघींपैकी एकीने मात्र परवा विचारलं, "बाई, आधी मी तुमच्या तासाला बसले तर चालेल ना?" मी हो म्हटलं. तिने माझ्याबद्दल लिहिलेलं वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शमिकाला सोडायला एसटी थांब्यापर्यंत गेले होते. गाडीला उशीर होता. तिने विचारलं, "बाई, तिथल्या हेडसरांना मी वर्गात बोलवू का?"

सर, मी लगेच हो म्हणू शकले नाही. तोंडात आलं ते असं, की आधी बघ, तिथे लॉगबुक कुणाच्या कपाटात असतं ते. आणि मी ते बोललेही. तिने होकारार्थी मान हलवली. शहाण्या मुलीने हलवावी तशी, लगेच. ती मान हललेली पाहून मला भीती वाटली. अशीच आणखी तीस वर्षं ती शहाणपणाने काढू शकते. तुम्ही काढलीत, मी चोवीस काढली.

गाडी वळणावर दिसली. मी म्हटलं, "नाही. ते सोड. पहिल्या आठवड्यात त्यांना म्हण, सर, आधी मला तुमच्या तासाला बसू द्या. मग तुम्ही माझ्या या."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर मला कळव. मी येऊन बसते."

ती हसली आणि चढली. कोणत्या नात्याने मी दुसऱ्या संस्थेच्या वर्गात जाऊन बसणार, परवानगी कोण देणार, रजा कुठली टाकणार, काही माहीत नाही. पण बोलून बसले आहे, आणि तिने ते खरं धरलं आहे.

आपली,
मालन